ब्रेस्ट रिकन्स्ट्रक्शनमधलं एडीएम: वापर आधी, पुरावा नंतर

३१ मार्च २०२१ रोजी अमेरिकेच्या एफडीएने एक सूचना काढली. आपल्याकडे एफडीए म्हटलं की दिवाळीच्या तोंडावर भेसळीचा खवा पकडणारं राज्याचं अन्न व औषध प्रशासन आठवतं. ही ती नव्हे. ही अमेरिकेतली औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी केंद्रीय संस्था. सूचनेतला मुद्दा असा होता: कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर इम्प्लांट बसवून नवा आकार देताना ‘एडीएम’ नावाचं जे मटेरियल वापरलं जातं, त्याचे सगळे ब्रँड सारखे नाहीत. फ्लेक्सएचडी आणि ॲलोमॅक्स या दोन ब्रँडमध्ये दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन करावं लागणं, इम्प्लांट काढावं लागणं आणि इन्फेक्शन होणं, या तिन्हींचं प्रमाण जास्त दिसलं.

पण त्याच सूचनेत आणखी एक वाक्य होतं आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. स्तनाच्या पुनर्रचनेसाठी एकाही एडीएमला एफडीएने मंजुरी दिलेली नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तोपर्यंत हे मटेरियल या कामासाठी जवळपास १५ वर्षं वापरात होतं.

मी एरवी इथे चिप, बॅटरी आणि ॲपच्या परवानग्यांबद्दल लिहिते. मग आज हा विषय का? कारण हीसुद्धा टेक्नॉलॉजीचीच गोष्ट आहे. एखादी वस्तू एका कामासाठी बाजारात येते, दुसऱ्या कामासाठी लोकप्रिय होते आणि त्या दुसऱ्या कामाची परीक्षा मागून होते. फोनमध्ये असं झालं तर फार तर फोन बदलू. इथे ती वस्तू कुणाच्या तरी आईच्या, मावशीच्या, बहिणीच्या शरीरात असते. २०२२ च्या ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या केसेस होत्या. आणि घरात असा आजार आला की डॉक्टरांनी सांगितलेले इंग्रजी शब्द गुगल करायचं काम बहुतेक वेळा घरातल्या तरुण मुला-मुलींकडेच येतं.

एडीएम म्हणजे नेमकं काय?

एडीएमचं पूर्ण नाव ‘एसेल्युलर डर्मल मॅट्रिक्स’. सोप्या मराठीत सांगायचं तर पेशी काढून टाकलेल्या त्वचेचा सांगाडा.

आपल्या त्वचेचे दोन मुख्य थर असतात. वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा आणि खालचा जाड थर म्हणजे अंतस्त्वचा. या खालच्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिन या प्रथिनांचं घट्ट विणलेलं जाळं असतं आणि त्या जाळ्यात पेशी राहतात. एडीएम बनवताना वरचा थर काढतात आणि खालच्या थरातल्या पेशी रसायनांनी धुऊन टाकतात. उरतं ते फक्त जाळं. भाडेकरू निघून गेले, इमारत उभी आहे, असं समजा.

पेशी का काढायच्या? कारण आपली रोगप्रतिकारशक्ती परक्या पेशी ओळखून त्यांच्यावर हल्ला करते. कोलॅजनच्या जाळ्याला मात्र ती बऱ्यापैकी सहन करते. हळूहळू पेशंटच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या आणि पेशी त्या जाळ्यात शिरतात आणि ते तिच्या शरीराचा भाग व्हायला लागतं.

ही त्वचा येते कुठून? तीन मुख्य स्रोत आहेत. ॲलोडर्म, फ्लेक्सएचडी, ॲलोमॅक्स ही मृत्यूनंतर दान केलेल्या मानवी त्वचेपासून बनतात. स्ट्रॅटिस डुकराच्या त्वचेपासून आणि सर्जिमेंड गायीच्या भ्रूणाच्या त्वचेपासून बनतं. हा तपशील आपल्याकडे किती घरांत महत्त्वाचा ठरेल हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच तो ऑपरेशनच्या आधी सांगितला गेला पाहिजे.

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये त्याचं काम काय?

मास्टेक्टॉमी म्हणजे स्तन काढण्याची शस्त्रक्रिया. त्यानंतर आकार परत आणण्याचे दोन मोठे मार्ग आहेत. एक, पेशंटच्याच पोटाचा किंवा पाठीचा भाग वापरायचा. दोन, सिलिकॉनचं इम्प्लांट बसवायचं. आपण दुसऱ्या मार्गाबद्दल बोलतोय.

स्तनाच्या आतला भाग काढल्यावर वर उरते पातळ त्वचा. तिच्याखाली थेट इम्प्लांट ठेवलं तर ते खाली सरकू शकतं, कडा दिसू शकतात, त्वचेवर ताण येतो. म्हणून सर्जन इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली ठेवायचे. पण हा स्नायू इम्प्लांटचा वरचा भागच नीट झाकतो, खालचा उघडा राहतो. त्यामुळे बऱ्याचदा दोन टप्प्यांत काम व्हायचं. आधी एक रिकामा फुगा बसवायचा, त्यात काही आठवडे थोडं थोडं सलाईन भरत जागा वाढवायची आणि मग दुसऱ्या ऑपरेशनमध्ये कायमचं इम्प्लांट.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूइंग आणि वॉरन या सर्जननी ॲलोडर्म वापरून दुसरा रस्ता दाखवला. स्नायूच्या खालच्या कडेला एडीएमचा तुकडा शिवायचा. त्याची झोळी तयार होते आणि झोळीत इम्प्लांट बसतं. यामुळे काही पेशंटमध्ये एकाच ऑपरेशनमध्ये काम होऊ लागलं. पुढे काही सर्जन इम्प्लांट स्नायूच्या वर ठेवून त्याभोवती एडीएम गुंडाळू लागले. स्नायू उचलावा लागत नाही, त्यामुळे हात हलवताना स्तन विचित्र ओढला जाण्याचा त्रास टळतो.

कल्पना चांगली होती, यात शंका नाही. कॅन्सरमधून जाणाऱ्या बाईला एक ऑपरेशन कमी लागणं ही छोटी गोष्ट नाही. शिवाय अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानुसार, जी विमा पॉलिसी मास्टेक्टॉमीचा खर्च देते तिला पुनर्रचनेचाही खर्च द्यावा लागतो. म्हणजे मागणी होती आणि पैसे देणाराही होता. एडीएमच्या एका तुकड्याची किंमत तिथे हजारो डॉलरांत जाते. वापर पसरला.

मग मंजुरीशिवाय ते वापरात आलं कसं?

इथे काही बेकायदा झालं असं समजू नका. दारं दोन होती आणि दोन्ही दारांवर वेगळेच प्रश्न विचारले जात होते.

पहिलं दार मानवी ऊतींचं. ॲलोडर्म १९९०च्या दशकात भाजलेल्या पेशंटसाठी आलं. दान केलेल्या त्वचेपासून बनलेल्या अशा उत्पादनांना अमेरिकेत मानवी ऊतींचे नियम लागू होतात. त्यांचा मुख्य भर दात्याकडून घेणाऱ्याला रोग लागू नये यावर असतो. ऊतीवर फार प्रक्रिया केलेली नसावी आणि मूळ शरीरात ती जे काम करते त्याच प्रकारच्या कामासाठी ती वापरली जावी, अशा अटी असतात. या अटीत बसलं तर नव्या औषधासारखी मोठी चाचणी बाजारात येण्याआधी करावी लागत नाही.

दुसरं दार प्राण्यांच्या ऊतींचं. डुकराच्या किंवा गायीच्या त्वचेपासून बनलेल्या उत्पादनांना ‘शस्त्रक्रियेत मऊ ऊतींना आधार देणारी जाळी’ म्हणून परवानगी मिळाली. तिथे मुख्य प्रश्न असतो: बाजारात आधीपासून असलेल्या वस्तूसारखं हे आहे का?

आता बघा. एक दार विचारतं, ‘यातून रोग पसरेल का?’ दुसरं विचारतं, ‘हे जुन्यासारखंच आहे का?’ मास्टेक्टॉमीनंतर पातळ झालेल्या त्वचेखाली, इम्प्लांटला चिकटून, कदाचित रेडिएशन सोसत, हे मटेरियल दोन वर्षांनी कसं वागेल, हा प्रश्न कुठल्याच दारावर विचारला गेला नाही.

फोनच्या चार्जरवर बीआयएसचा मार्क असतो. तो चार्जर विजेच्या दृष्टीने सुरक्षित आहे असं सांगतो. तुमच्या फोनची बॅटरी त्याने किती वर्षं चांगली राहील हे तो मार्क सांगत नाही. तसंच काहीसं हे झालं. डॉक्टर मंजूर कामापलीकडे एखादी वस्तू वापरू शकतात. वैद्यकशास्त्रात ते नेहमी होतं आणि अनेकदा त्याचा फायदाही होतो. अडचण तेव्हा येते, जेव्हा असा वापरच सगळीकडे रूढ होतो आणि ‘एवढे लोक वापरतात’ हाच पुरावा मानला जातो.

चाचण्या झाल्या तेव्हा काय दिसलं?

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती नेदरलँड्समधल्या ‘ब्रिओस’ चाचणीची. ८ हॉस्पिटलं, निकाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त. एका गटाला स्ट्रॅटिस वापरून एकाच टप्प्यात इम्प्लांट, दुसऱ्या गटाला एडीएमशिवाय जुन्या पद्धतीने दोन टप्प्यांत. कुणी कुठल्या गटात जायचं हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं होतं. पहिल्या गटात ९१ पैकी २६ स्तनांमध्ये, म्हणजे २९ टक्के, गंभीर त्रास झाले. दुसऱ्या गटात ९२ पैकी ५, म्हणजे ५ टक्के.

आकडे मोठे आहेत, पण वाचताना सावध राहायला हवं. या चाचणीत दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या: एडीएम आणि टप्पे. त्यामुळे दोष मटेरियलचा, की पातळ त्वचेखाली एकदम पूर्ण आकाराचं इम्प्लांट ठेवण्याचा, हे यातून वेगळं काढता येत नाही.

स्वीडन आणि ब्रिटनमधल्या दुसऱ्या चाचणीत तुलना जास्त थेट होती: एडीएमसह इम्प्लांट आणि एडीएमशिवाय इम्प्लांट. दोन वर्षांचे निकाल २०२१ मध्ये आले. एडीएममुळे पुन्हा ऑपरेशन करण्याची गरज कमी झाली नाही. पण ब्रिओससारखं भयानक चित्रही दिसलं नाही.

अमेरिका आणि कॅनडातल्या ११ केंद्रांचा ‘एमआरओसी’ नावाचा मोठा अभ्यास आहे. त्यातल्या १,२९७ स्त्रियांच्या विश्लेषणात साधारण निम्म्यांना एडीएम लावलं होतं. गुंतागुंत आणि समाधान, दोन्हींत ठळक फरक दिसला नाही. एफडीएने २०२१ मध्ये याच एमआरओसीची माहिती ब्रँडनुसार वेगळी काढली तेव्हा फ्लेक्सएचडी आणि ॲलोमॅक्सचा जास्तीचा धोका समोर आला. सर्जिमेंड, ॲलोडर्म आणि एडीएम न वापरलेल्या स्त्रियांच्या तुलनेत हा फरक होता. सगळं एकत्र मोजलं की सरासरी ठीक दिसते, सुटं केलं की फरक दिसतो. फोनच्या रिव्ह्यूमध्ये आपण हे रोज बघतो.

एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. एमआरओसीमध्ये कुणाला काय लावायचं हे सर्जनने ठरवलं होतं, चिठ्ठीने नाही. त्यामुळे फरकाचं काही कारण पेशंट किंवा हॉस्पिटलमध्येही असू शकतं. एफडीएनेसुद्धा ‘धोका जास्त असू शकतो’ अशीच भाषा वापरली. आणि ज्यांच्या शरीरात हे ब्रँड आधीच आहेत त्यांनी केवळ भीतीपोटी ते काढून घेऊ नयेत, असंही सांगितलं.

ब्रिटनमधल्या ‘आयब्रा’ अभ्यासाचा आकडाही लक्षात ठेवण्यासारखा आहे. ८१ केंद्रं, २,१०८ स्त्रिया. इम्प्लांट बसवल्यावर ३ महिन्यांत ९ टक्के स्त्रियांचं इम्प्लांट गेलं आणि २५ टक्क्यांना इन्फेक्शन झालं. तिथल्या राष्ट्रीय निकषानुसार इम्प्लांट जाण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत हवं. म्हणजे मुळात इम्प्लांटचं हे ऑपरेशनच वाटतं तितकं साधं नाही. धूम्रपान, लठ्ठपणा, डायबेटिस, रेडिएशन यांनी धोका वाढतो. एडीएम या सगळ्याच्या वर येतं, त्याऐवजी नाही.

२०२१ नंतर काय?

ऑक्टोबर २०२१ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीसमोर सर्जिमेंडचा अर्ज आला, खास स्तनाच्या पुनर्रचनेसाठी मंजुरी मागणारा. त्याचा मोठा आधार एमआरओसीचीच माहिती होती. निदान योग्य प्रश्न योग्य टेबलावर आला, म्हणून मला ती बैठक महत्त्वाची वाटते.

मग मे २०२३ मध्ये सर्जिमेंड बनवणाऱ्या इंटेग्रा कंपनीने बोस्टनच्या कारखान्यातली उत्पादनं परत मागवली. १ मार्च २०१८ ते २२ मे २०२३ या काळात वितरित झालेला माल. कारण एंडोटॉक्सिनची तपासणी नीट झालेली नव्हती. एंडोटॉक्सिन म्हणजे काही जिवाणूंच्या आवरणातला विषारी घटक. याने ताप येऊ शकतो.

म्हणजे विश्लेषणात जो ब्रँड बरा दिसला, त्याच्याच कारखान्यात पुढे तपासणीची अडचण निघाली. म्हणून ‘कुठला ब्रँड चांगला?’ या प्रश्नाचं एकदाच देऊन टाकायचं उत्तर नसतं. लक्ष सतत ठेवावं लागतं. नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियात यासाठी इम्प्लांटची राष्ट्रीय नोंदवही आहे. कुठल्या पेशंटला काय बसवलं आणि पुढे काय झालं हे तिथे लिहिलं जातं. अशी नोंद असेल तर खराब ब्रँड दिसायला १५ वर्षं लागत नाहीत.

भारताशी याचा संबंध काय?

दान केलेल्या ऊती वापरणं आपल्याला नवं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक १९८८ पासून आहे. नवी मुंबईत ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचा बँक आहे. पेशी काढलेलं मटेरियल बनवण्याचं तंत्रही इथे आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून जखमा भरणारं ‘कोलेडर्म’ तयार केलं आणि २०२३ मध्ये त्याला भारताच्या औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली, उपकरणांच्या सगळ्यात कडक, ‘ड’ वर्गात.

देशात बनलेलं, स्वस्त होऊ शकणारं असं मटेरियल येणं ही आनंदाची बातमी आहे. पण मंजुरी आहे ती त्वचेच्या जखमांसाठी. उद्या कुणी म्हणालं की हेच स्तनाच्या ऑपरेशनमध्येही वापरू, तर प्रश्न पुन्हा तोच: त्या कामासाठी तपासलंय का? अमेरिकेने हा प्रश्न उशिरा विचारला. आपल्याला सुरुवातीलाच विचारायची संधी आहे.

आणि तोपर्यंत आयात मालाची जाहिरात आपल्यापर्यंत येतच राहणार. ‘बायोलॉजिकल’, ‘नॅचरल’, ‘यूएस एफडीए’ हे शब्द ब्रोशरवर किंवा रीलमध्ये दिसले तर थांबा. नोंदणी झालेली असणं, जुन्यासारखं आहे म्हणून परवानगी मिळणं आणि त्या विशिष्ट कामासाठी मंजुरी मिळणं, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. ब्रोशरमध्ये तिन्हींना एकच शब्द वापरलेला असतो.

घरात वेळ आली तर डॉक्टरांना काय विचारायचं?

हे प्रश्न फोनच्या नोट्समध्ये ठेवा. चांगले सर्जन अशा प्रश्नांनी चिडत नाहीत.

१. या ऑपरेशनमध्ये एडीएम किंवा दुसरी जाळी वापरणार आहात का? न वापरता होईल का? काही पेशंटमध्ये स्तनाच्या खालच्या भागातली त्यांचीच जादा त्वचा दुमडून आधार देता येतो.

२. ब्रँड कुठला आणि तो कशापासून बनलाय: माणूस, डुक्कर, गाय की सिंथेटिक?

३. स्तनाच्या पुनर्रचनेसाठी तो मंजूर आहे, की दुसऱ्या कामासाठी मंजूर असून इथे वापरताय?

४. तुमच्या स्वतःच्या पेशंटमध्ये इन्फेक्शन आणि इम्प्लांट काढावं लागण्याचं प्रमाण किती?

५. पुढे रेडिएशन लागणार असेल तर बेत बदलेल का?

६. खर्च किती आणि विम्यात कुठला भाग बसतो?

७. पोटाच्या किंवा पाठीच्या ऊती वापरण्याचा पर्याय आहे का? आणि काहीच न करता छाती सपाट ठेवली तर? तोही पूर्ण मान्य पर्याय आहे. तो निवडणाऱ्या बाईला कुणी ‘हिंमत हरली’ म्हणू नये.

आणि एक काम तुमचं. इम्प्लांट आणि एडीएमच्या पाकिटावर स्टिकर असतो. त्यावर ब्रँड, लॉट नंबर आणि एक्स्पायरी लिहिलेली असते. त्याची प्रत मागा, फोटो काढा आणि क्लाउडवर ठेवा. २०२३ सारखी एखादी परत मागवण्याची सूचना आली तर ‘आपल्याकडे तोच माल आहे का?’ याचं उत्तर त्या एका फोटोतून मिळतं. फाईल हरवते, हॉस्पिटल बदलतं, डॉक्टर दुसऱ्या गावी जातात. फोटो राहतो.

एडीएम वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. योग्य पेशंटमध्ये, अनुभवी हातांत त्याचा उपयोग होतो असं अनेक सर्जन मानतात, आणि चाचण्यांचे निकाल एकाच दिशेचे नाहीत हे वर दिसलंच. मात्र निर्णय घेणाऱ्या बाईला हे सगळं माहीत असायला हवं. तिला ‘लेटेस्ट टेक्नॉलॉजी आहे’ एवढंच सांगितलं गेलं, तर पुढचा प्रश्न तिच्यासोबत बसलेल्या तुम्ही विचारा: कशासाठी तपासलेली?